मशीन वाकवू नका, सरळ वर उचला

होडी, मशीन आणि खाडी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे १४ फुटी, सपाट तळाची फायबरची होडी आहे. तिला १५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक ओबीएम (आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगायचं मशीन) आहे, सेकंडहँड घेतलेलं, लाँग शाफ्टचं. आम्ही दोघं भाऊ गोराईच्या खाडीत चिंबोऱ्या आणि जाळ्याच्या कामाला जातो. मुख्य खाडीत होडी ठीक पळते. आत तिवरांच्या बाजूला पाणी गुडघाभर राहिलं की मशीनचा पाय चिखलाला लागतो. म्हणून मशीन वाकवून अर्धं उचलतो, तर पिछाडी बसते, नाळ (होडीचं पुढचं टोक) आभाळाकडे जाते, मशीन नुसतं ओरडतं आणि होडी जागची हलत नाही. ट्रान्समची, म्हणजे मशीन टांगतो त्या मागच्या फळीची, उंची साडेसोळा इंच भरते. सगळे म्हणतात, २५ चं मशीन लाव. लावू का? (एक वाचक, गोराई)

उत्तर : नका लावू. पंचवीसचं मशीन तुमच्या आत्ताच्या मशीनपेक्षा दहा-पंधरा किलोंनी तरी जड येईल आणि ते सगळं ओझं नेमकं पिछाडीला, जिथे तुमची होडी आधीच बसते आहे तिथेच टांगलं जाईल. शिवाय तुमच्या ट्रान्समला तेवढा जोर झेपेल की नाही हा वेगळाच प्रश्न. पैसे खिशात ठेवा. तुमच्या होडीचं दुखणं तुम्हीच पत्रात लिहून पाठवलं आहे : साडेसोळा इंची ट्रान्सम आणि लाँग शाफ्ट.

आउटबोर्डचे शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारे पाय, ठरलेल्या मापांत येतात. शॉर्ट म्हणजे १५ इंच, लाँग म्हणजे २० इंच. तुमच्या होडीला खरं तर शॉर्ट शाफ्ट हवं होतं. वीस इंची पाय साडेसोळा इंची ट्रान्समवर बसवल्याने तो साडेतीन इंच, म्हणजे जवळजवळ ९ सेंटिमीटर, विनाकारण खाली लोंबतो आहे. सेकंडहँड मशीन स्वस्तात मिळालं की शाफ्टचं माप कुणी विचारत नाही. माझ्याकडे उथळ पाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या होड्यांत हा दोष मी सगळ्यात आधी शोधतो.

आता मशीन वाकवल्यावर काय होतं ते बघा. सरळ उभं असताना पंखा पाणी सरळ मागे ढकलतो. वाकवलं की तेच पाणी मागे आणि वर जातं, आणि त्याचा उलटा रेटा पिछाडीला खाली दाबतो. म्हणजे पंखा वर यावा म्हणून तुम्ही मशीन उचलता आणि जोर दिलात की तेच मशीन पिछाडी चिखलाकडे नेतं. त्यात पंखा पृष्ठभागाजवळ आला की वरून हवा ओढतो. हवेत पंख्याला पकड नाही, म्हणून आवाज वाढतो आणि होडी हलत नाही. बऱ्याच टिलर मशीनना, म्हणजे हातात दांडा धरून वळवायच्या मशीनना, उथळ पाण्यासाठी अर्धवट उचलून ठेवायची खिट्टी असते, ती अगदी हळू, वल्ह्याच्या वेगाने सरकण्यापुरती आहे. तिच्या भरवशावर थ्रॉटल पिळायचा नाही.

तेव्हा मशीन वाकवायचं नाही, उभंच्या उभं वर घ्यायचं. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते, जिला आम्ही कॅव्हिटेशन प्लेट म्हणतो, ती तुमची खूण. होडी जमिनीवर घ्या. चांगली सरळ अॅल्युमिनियमची पट्टी होडीच्या तळाला खालून चिकटवून धरा, तिचं टोक मागे मशीनपर्यंत जाऊ द्या. मशीन उभं असताना प्लेट त्या पट्टीच्या किती खाली आहे ते मोजा. तुमच्याकडे ती साडेतीन इंचांच्या आसपास खाली निघेल. ती आधी तळाच्या बरोबरीत आणा. मग अर्धा-अर्धा इंच वर घेत पाण्यात चालवून बघा. सपाट तळाच्या होडीला प्लेट तळापेक्षा एखादा इंच वर गेली तरी चालतं, कारण होडी पळताना मागचं पाणी थोडं उसळून वर येतं. सरळ जाताना किंवा वळताना पंखा हवा खायला लागला की अर्धा इंच खाली या. तीच तुमच्या होडीची उंची.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रान्समच्या डोक्यावर साडेतीन इंचांचा लाकडी ठोकळा ठेवून त्यावर मशीनचे क्लॅम्प आवळायचे हा उद्योग करू नका. क्लॅम्पचे स्क्रू मग ठोकळ्याला धरतात, ट्रान्समला नाही, आणि एका दणक्यात चाळीस किलोंचं मशीन चालवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतं. उंची बदलता येणारी जॅक प्लेट घ्या, नाहीतर जाड अॅल्युमिनियमची कंस-पट्टी बनवून घ्या आणि ती ट्रान्सममधून आरपार स्टेनलेस बोल्टने, आत मोठे वॉशर देऊन, भोकात सीलंट भरून बसवा. त्याआधी ट्रान्सम रुपयाच्या नाण्याने ठोकत जा. टणक आवाज येतो तिथे प्लाय शाबूत आहे. बसका, भद्द आवाज आला तर आतला प्लाय कुजलेला आहे, आणि तो बदलल्याशिवाय एकही बोल्ट मारायचा नाही. मशीनला साखळी किंवा दोर बांधलेला असायलाच हवा. जॅक प्लेट मशीनला थोडं मागेही नेते. मागे उसळलेलं पाणी तिथे जास्त मिळतं, त्यामुळे आणखी थोडी उंची साधते. पण तुमच्या एवढ्या होडीला चार इंचांपेक्षा जास्त मागे नेणारी प्लेट मी लावणार नाही, कारण वजनही तेवढंच मागे जातं.

वजनाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा ताबडतोब आहे.

तुमची होडी पाण्याला टेकते तिथे साधारण ४ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरू. खाऱ्या पाण्यात एवढा सपाट तळ एक सेंटिमीटर खाली जायला सुमारे ५० किलो लागतात. होडी, मशीन, तुम्ही दोघे, पेट्रोल, जाळी, बर्फ मिळून ४०० किलो झाले तर होडी सरासरी ८ सेंटिमीटर बुडेल. आठच! म्हणजे तुमची होडी मुळात उथळ पाण्याचीच आहे. पण मशीन मागे, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे, नांगर मागे आणि मशीन धरणारा माणूसही मागे, म्हणून नाळ जेमतेम पाण्याला लागते आणि पिछाडी १५ सेंटिमीटर खाली जाते.

आता टाकी, बॅटरी आणि नांगर उचलून पुढे न्या. भरलेली २५ लिटरची टाकी पेट्रोलसकट वीसेक किलोंची, बॅटरी बारा-तेरा, नांगर-दोर सात-आठ, झाले चाळीस किलो. हे चाळीस किलो अडीच मीटर पुढे गेले की हिशेबाने पिछाडी ३ सेंटिमीटर उचलते. तेच चाळीस किलो काठावर ठेवून गेलात तर अख्खी होडी सरासरी एक सेंटिमीटरही वर येत नाही. सामान कमी करण्यापेक्षा ते कुठे ठेवता याला जास्त महत्त्व आहे, हे मी सांगतो तेव्हा लोकांना पटत नाही. मग ते टाकी पुढे नेऊन बघतात. टिलरच्या दांड्याला दोन फुटी पाइपची लांबण जोडली की मशीन धरणारा भाऊ मधल्या फळीवर बसू शकतो, त्याने आणखी सेंटिमीटरभर तरी मिळतं. लांबण पक्की बसवा आणि किल कॉर्ड, म्हणजे माणूस पडला तर मशीन बंद करणारी दोरी, मनगटाला हवीच. इंधनाची नळी लांबवावी लागेल, ती पेट्रोलची म्हणून मिळते तीच घ्या, पाण्याची पारदर्शक नळी नको. हातपंपाचा फुगा मशीनच्या बाजूलाच राहू द्या. बॅटरीची वायर लांबली तर एक माप जाडी घ्या. दुसरा भाऊ आत जाताना नाळेजवळ बसेल.

बेरीज करून दाखवतो. आज पिछाडी १५ सेंटिमीटर पाण्यात, त्याखाली प्लेट ९ सेंटिमीटर, आणि प्लेटपासून पंख्याखालच्या पात्याच्या टोकापर्यंत या मापाच्या मशीनला साधारण २७ सेंटिमीटर. एकूण ५१. गुडघाभर पाण्यात पाय चिखलाला लागतो तो यामुळे. पिछाडी ११ वर आली आणि प्लेट तळाच्या एक इंच वर गेली तर हाच आकडा ३६ च्या आत येतो. पंधरा सेंटिमीटर पाणी तुम्हाला मिळालं, आणि मशीन तेच.

होडी जुनी असेल तर काट्यावर नेऊन तिचं वजनही करा. फायबरच्या होड्यांत फळ्यांखाली फोम भरलेला असतो. वरून तडा गेला की तो वर्षानुवर्षं पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. फळीला भोक पाडून बोट घालून बघा. फोम ओला लागला तर काढून टाका आणि बंद पेशींचा, पाणी न पिणारा फोम भरा. फोम अजिबातच काढून ठेवू नका, उलटलेल्या होडीला तोच तरंगत ठेवतो. तळाला चिकटलेल्या शिंपल्या खरवडा, हे वेगळं सांगायला नको.

पंखा शेवटी. आत्ता बहुधा तीन पात्यांचा, नऊ-सव्वानऊ इंची आहे. मशीन वर घेतल्यावर चार पात्यांचा, पात्यांच्या मागच्या कडा किंचित आत वळवलेला पंखा जास्त पकड देतो आणि पिछाडीही उचलतो. पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर, एखाद-दोन इंच कमी घ्या. एक इंच पिच उतरला की पूर्ण थ्रॉटलला साधारण दोनशे आरपीएम वाढतात, तेव्हा टॅकोमीटर लावून बघा आणि मशीनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत राहा. स्टेनलेस पंखा भारी दिसतो, पण चिखलात बुडालेला दगड लागला की तो वाकत नाही आणि धक्का गिअरपर्यंत जातो. खाडीत मी अॅल्युमिनियमच लावतो. जुना पंखा, पिन, नट आणि पाना होडीत ठेवा.

आता चालवण्याबद्दल. उथळ पाण्यात एक वेग असा असतो की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. पाण्याच्या खोलीवर तो ठरतो : अर्धा मीटर पाण्यात ताशी ८ किलोमीटरच्या आसपास, एक मीटर पाण्यात ताशी ११. त्या वेगाला पिछाडी सगळ्यात जास्त बसते, मागे मोठी लाट उभी राहते, मशीन कितीही जोर लावू दे. तुम्ही अर्ध्या थ्रॉटलला नेमके त्याच वेगात घुटमळता आहात असं पत्रावरून वाटतं. तेव्हा एकतर त्याच्या बरंच खाली, चालत्या माणसाच्या वेगाने जा. नाहीतर खोल पाण्यातच वेग घेऊन होडी पाण्यावर चढवा, म्हणजे ती वरच्यावर घसरत पळेल अशी करा, आणि चढलेल्या होडीने उथळ पट्टा सरळ ओलांडा. दुसरा प्रकार फक्त ओळखीच्या वाटेवर, समोर माणूस, जाळं, खुंट नाही याची खात्री असताना, आणि लाइफ जॅकेट घालून. मध्येच थ्रॉटल सोडलात तर होडी खाली बसेल आणि तेवढ्या पाण्यात परत चढणार नाही.

आणि भरती-ओहोटी. तुमच्या घरातल्या मोठ्यांना हा हिशेब पाठ असेल : तिथीचा पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे, आणि खाडीच्या आत थोडं उशिरा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबईला पाणी साडेचार मीटरच्या वरही चढतं, पण ओहोटीला तितकंच खोल उतरतं. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला खाडीचा तळ उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा, दुपारच्या ओहोटीतही आत बऱ्यापैकी पाणी राहतं. आत शिरायचं ते चढत्या पाण्यात. चढत्या पाण्यात अडकलात तर घटकाभरात पाणीच सोडवतं. उतरत्या पाण्यात अडकलात तर पुढची भरती येईपर्यंत चिखलात बसावं लागतं, वर ऊन.

रुतलात तर मशीन बंद करा, वर घ्या आणि बांबूने रेटा. रिव्हर्स मारून निघायचा प्रयत्न करू नका. काळा गाळ उसळतो तो मशीनच्या पोटात जातो, आणि ज्या चिखलात तुमच्या चिंबोऱ्या राहतात त्यालाच तुम्ही खरवडता. तिवरांच्या मुळाशी पंख्याने खणलेले चर मी पाहिले आहेत. ते लवकर भरून येत नाहीत, आणि मला ते बघवत नाहीत.

प्रश्न : पक्ष्यांचे फोटो काढायला ठाणे खाडीत जाण्यासाठी आम्ही काही मित्र सपाट तळाची छोटी होडी घेतो आहोत. उथळ पाण्यासाठी जेट लावावं की लांब दांड्याचं लाँगटेल? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : आपल्या खाड्यांत जेट नको. जेटला खाली पंखा नसतो हे खरं, पण तेवढ्याच मशीनला पंख्याच्या तुलनेत तिसरा हिस्सा ताकद कमी पडते. त्याहून वाईट म्हणजे ते तळाच्या जाळीतून पाणी ओढतं. ठाणे खाडीत पाण्याबरोबर काय काय येईल ते तुम्ही भरतीच्या रेषेवर उभं राहून बघा : दुधाच्या पिशव्या, निर्माल्याच्या पिशव्या, थर्माकोल, दोऱ्या. एक पिशवी जाळीवर बसली की जेट बंद.

लाँगटेल चिखलाला खरोखर चांगलं. इंजिन हवेने थंड होतं, त्यामुळे गढूळ पाणी आत ओढायचं कामच नाही. दांडा वर-खाली करून पंखा वितभर पाण्यातही चालवता येतो. पण आवाज फार, आणि तुम्ही जाताय पक्षी बघायला. रोहित पक्षी ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर खात असतात. आवाजाने थवा उडाला की त्यांचं खाणं तुटतं. शिवाय तिथला मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. वनविभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची होडी आत न्यायची नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात होडीच्या फेऱ्या असतात, त्या भरती-ओहोटी बघूनच ठरवतात. अभयारण्य पाहायला त्यातूनच जा.

बाहेरच्या खाड्यांसाठी होडी घ्यायचीच असेल तर लहान चार-स्ट्रोक मशीन, आणि शेवटच्या टप्प्याला बॅटरीवरची छोटी ट्रोलिंग मोटर किंवा नुसता बांबू. बांबू वापरायला शिका, मनापासून सांगतो. पक्ष्याच्या जवळ त्याच्याइतकं शांतपणे नेणारं दुसरं काही नाही. बॅटऱ्या मात्र नाळेकडे ठेवा, कारण वर लिहिलंच आहे.

प्रश्न : चिखलात काम करून आलं की मशीनच्या मागून पडणारी पाण्याची धार बारीक होते. सर्व्हिसिंग नुकतंच झालं आहे. चालवत राहिलं तर चालेल का? (एक वाचक, माहुल)

उत्तर : नाही, लगेच बंद करा. ती धार मशीन थंड करणाऱ्या पाण्याची असते. आधी बघा की पंख्यावरच्या जाळीला पिशवी चिकटली आहे का. नसेल तर धारेच्या नळीत गाळ बसला असेल, पातळ तार किंवा नायलॉनचा दोरा घालून साफ करा. तरी धार जोरात येत नसेल तर खालच्या पायातल्या पंपाचं रबरी इम्पेलर गेलं समजा. रेती-गाळ त्याच्या पात्या घासून टाकतो. चिखलात रोज काम करणाऱ्या मशीनला ते वर्षातून एकदा तरी बदलायचं, सर्व्हिसिंगच्या बिलात ते लिहिलेलं आहे का ते तपासा, आणि जुनं इम्पेलर हातात मागून घ्या. इम्पेलरबरोबर पंपाची बाहेरची वाटी आणि खालची स्टीलची चकतीही बघून घ्या. त्यांच्यावर खोल ओरखडे असतील तर नवं इम्पेलरही पाणी चढवणार नाही.

पाय उघडलाच आहे तर पंखाही काढा. शाफ्टवर मासेमारीचा नायलॉन दोरा गुंडाळलेला सापडणं नेहमीचं आहे. तो आत सरकून तेलाचं सील कापतो. गिअरचं तेल थोडं खालच्या स्क्रूतून काढून बोटावर घ्या. तेल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलं आहे, सील बदलून नवं तेल भरल्याशिवाय मशीन सुरू करू नका. आणि खाडीतून आल्यावर रोज, न चुकता, गोड्या पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटं मंद गतीला मशीन चालवा. मशीन न्यूट्रलमध्ये, पंखा काढलेला, आणि पाण्याची पातळी प्लेटच्या वर.